एकतीस डिसेंबरच्या पानामागचा मोर

३१ डिसेंबरच्या पानामागं मोर होता.

चांगला पिसारा फुलवलेला, सुबक मोर. लग्नपत्रिकेवर टाकायचा आमचा जुना ठोकळा. पण तिथं मोर असायचं काही कारणच नव्हतं. तिथं त्या तारखेचा इतिहास असायला हवा होता, आणि तो मी स्वतः कंपोज केलेला होता.

मी रशीद. चंद्रपूरला, जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीतल्या एका छापखान्यात कंपोज खात्याचा फोरमन होतो. कंपोज म्हणजे शिशाचे एकेक अक्षराचे खिळे उचलून ओळ जुळवायची. १९९५ चा डिसेंबर होता. बाहेर जगात ऑफसेट आणि कॉम्प्युटर आले होते. आमच्याकडे ट्रेडल मशीन होतं, पायानं चालवायचं, आणि ते चालवणारा देवराव होता.

बाइंडिंगच्या टेबलावर १९९६ च्या कॅलेंडरचे गठ्ठे पडले होते. भिंतीवर टांगून रोज एक पान फाडतात ना, तसलं कॅलेंडर. समोर मोठी तारीख, वार, तिथी. पानामागं दोन-तीन ओळी, वर मथळा ‘आजच्या दिवशी’. त्या तारखेला जगात आणि आपल्याकडे काय काय घडलं, ते. ही मागची बाजू माझी. फार जीव होता माझा त्यात. १६ ऑक्टोबर घ्या. त्या दिवशी १९०५ साली बंगालची फाळणी अमलात आली आणि त्याच दिवशी १९५६ साली आमच्या चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, धम्मदीक्षेचा सोहळा झाला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला हे सगळ्यांना ठाऊक, पण त्याच तारखेला १९१४ साली पनामाचा कालवा उघडला हे कुणाला ठाऊक? एका तारखेच्या खिळ्याला लांबलांबच्या दोन गोष्टी टांगलेल्या दिसल्या की मला एकदम भारी वाटायचं. वाचनालयात बसून तीनशे पासष्ट दिवसांचा असा साठा मी गोळा केला होता.

आणि आता शेवटच्या दिवसामागं मोर.

देवरावला हाक मारली. हा मोर कुणी टाकला रे?

‘मीच टाकलो भाई,’ तो म्हणाला. ‘जागा खाली दिसली. उघडंबोडकं पान बरं दिसत नाई, मंग मोर बसवून देला.’

जागा रिकामी कशी? मी ३० डिसेंबरचं पान उलटलं. त्यामागं ३१ डिसेंबरचा इतिहास. १५ ऑगस्ट काढलं. मागं १६ ऑगस्टचा मजकूर. देशाचं स्वातंत्र्य कुठं गेलं? ते १४ ऑगस्टच्या पाठीवर निवांत बसलेलं. २६ ऑगस्टला १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला, तो २५ च्या मागं. मी भराभर मागं मागं येत गेलो आणि २९ फेब्रुवारीपाशी थांबलो.

या अल्ला. लीप वर्ष!

काय झालं ते सांगतो. मागच्या बाजूचा मजकूर दरवर्षी तोच असायचा, म्हणून आम्ही तो सोडत नव्हतो. सोडणे म्हणजे खिळे परत खणांत टाकणे. दोऱ्यानं बांधून, १ ते ३६५ नंबर लावून तो तसाच फळीवर उभा ठेवला होता. जागा वाचावी म्हणून मजकुरावर तारीखही घातली नव्हती. ही अक्कल माझीच. आमचं कॅलेंडर सुरू झालं १९९३ ला. तीन वर्षं ६० नंबरचा मजकूर १ मार्चच्या मागं बरोब्बर बसला. १९९६ ला साठावं पान २९ फेब्रुवारीचं झालं, आणि तिथून पुढं मार्च ते डिसेंबर सगळा इतिहास एकेक दिवस अलीकडं सरकला. प्रूफ मी तपासलं होतं. प्रूफ म्हणजे आधी काढलेली कच्ची छपाई. पण समोरच्या बाजूचं प्रूफ वेगळं, मागच्या बाजूचं वेगळं. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष होती. दोन्ही एकमेकांना चिकटवून मी कधी बघितलीच नाहीत. बैताडपणा, दुसरं काय!

ऑर्डर साधी नव्हती. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या शिक्षकांच्या एका पतसंस्थेची ती ऑर्डर. हे कॅलेंडर शाळाशाळांत जायचं. आमच्या कंपोज खात्याला तेवढं एकच मोठं काम उरलं होतं. मालकांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं, ज्या दिवशी हे कॅलेंडर नागपूरच्या ऑफसेटवाल्यांकडे जाईल त्या दिवशी खिळे भंगारात जातील. म्हणजे मी, देवराव आणि खिळे सोडणारी शांताबाई, तिघंही घरी. आणि भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडचे गठ्ठे तर नोव्हेंबरअखेरच रवाना झाले होते.

मालक बोनगिरवारभाऊ माणूस वाईट नव्हते. ऐकून त्यांनी पान उलटसुलट केलं, मोराकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, रशीद. कोन वाचते मागचं?’

खरं सांगतो, चूक केली त्याचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. माझं डोकंच फिरलं. एकेका तारखेसाठी मी वाचनालयात मान मोडून बसलो आणि मालक म्हणतात कोण वाचतं. मी म्हटलं, भाऊ, शाळेत जातंय ते. उद्या एखादं पोरगं १४ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला म्हणून पेपरात लिहील. मी स्वतः ब्रह्मपुरीला जाऊन पतसंस्थेच्या कोहळे सरांना सांगतो. ते म्हणाले, तू सांगशील आणि ऑर्डर जाईल. मी म्हटलं, लपवून जाण्यापेक्षा सांगून गेलेली बरी. एवढं बोलून बाहेर आलो तेव्हा देवराव माझ्याकडे पाहत होता. त्याला दोन मुली होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची ब्रह्मपुरीची बस धरली. मूल, सिंदेवाही, नागभीड. दोन्ही बाजूंनी धानाची कापणी आटोपलेली, बांध्यांत नुसती खुंटं. मांडीवर दोन गठ्ठे, एक ९५ चा, एक ९६ चा. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो.

कोहळे सर म्हणजे पतसंस्थेचे अध्यक्ष. इतिहास शिकवून निवृत्त झालेले हेडमास्तर, झाडीपट्टीतले. आवाज असा की पलीकडच्या वर्गातली पोरंही गप्प व्हायची म्हणे. त्यांच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक शिक्षिका बसल्या होत्या. किरकोळ अंगाच्या, पायाशी कापडी पिशवी. मी त्यांना नमस्कार केला आणि सरांना सगळं सांगितलं. लीप वर्ष, नंबर, दोरे, मोर, सगळं.

सरांनी चष्मा काढला. ‘माह्या संस्थेच्या नावानं पोरांले खोट्या तारखा शिकवता काय, रशीदभाई?’

मी मान खाली घातली. ते पुढं बोलत राहिले. इतिहासात एक तारीख चुकली की सगळी माळ ओघळते, चाळीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं. सगळे गठ्ठे परत न्या, गेलेलेही परत मागवा, आणि पुढच्या वर्षीपासून काम नागपूरला. ते ओरडत नव्हते, हेच जास्त वाईट होतं. मला शांताबाईचा चेहरा आठवला.

तेवढ्यात त्या बाई उठल्या. सर म्हणाले, पुंगाटीबाई, तुमचं काम करतो थोड्या वेळानं. तेव्हा कळलं की त्या भामरागडच्या अलीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवतात, तिथल्याच माडिया आदिवासी घरातल्या, आणि संस्थेच्या सभेसाठी दोन बस बदलून आल्या आहेत.

‘सर, माझं काम यांच्याशीच होतं,’ त्या म्हणाल्या. ‘मी इथून चंद्रपूरले जाणार होती. यांचे आभार मानाले.’

मी आणि सर एकमेकांकडे बघतच राहिलो. सरांना वाटलं बाई चेष्टा करताहेत. मलाही तसंच वाटलं आणि थोडा रागही आला.

पण त्यांनी माझ्या हातातलं ९५ चं कॅलेंडर घेतलं, सरांच्या खिडकीच्या खिळ्याला अडकवलं आणि शाळेत परिपाठाला काय होतं ते करूनच दाखवलं. परिपाठ म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतरचा कार्यक्रम. त्यांच्या शाळेत कॅलेंडर उंच टांगलेलं. सकाळी एक मूल स्टुलावर चढतं. कालचं पान फाडतं. म्हणजे आजची तारीख दिसायला लागते. मग हातातलं फाडलेलं पान उलटतं आणि सगळ्या शाळेसमोर मोठ्यानं वाचतं, ‘आजच्या दिवशी.’

‘आता सांगा,’ त्या म्हणाल्या. ‘२६ ऑगस्टच्या सकाळी पोराच्या हातात पान कोनतं?’

‘पंचवीसचं,’ मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

पंचवीसचं! त्यामागं पंचविसाचा इतिहास! म्हणजे तीन वर्षं, माझ्या निर्दोष कॅलेंडरवरून, त्यांची पोरं रोज सकाळी आदल्या दिवसाचा इतिहास आजचा म्हणून वाचत होती. २६ ला गावातून जिल्ह्याच्या वाढदिवसाची फेरी निघायची आणि कॅलेंडर ती बातमी २७ ला द्यायचं. आणि २५ तारीख संपायच्या आत २५ चं पान कोण फाडणार? माणूस पान फाडतो ते दिवस सरल्यावरच. छापखान्यात बसून मी हजारो पानं चाळली होती. खिळ्याला टांगून एकही फाडलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, त्यांनी छापखान्याला दोनदा पोस्टकार्ड टाकलं होतं, तुमचं दिनविशेष एक दिवस उशिरा येतं म्हणून. एकाचं उत्तरही आलं होतं. तपासून पाहिले, दिनविशेष बरोबर आहे.

ते उत्तर मीच लिहिलं होतं. कुणीतरी डोकं खातंय असं समजून, तेही चहा पिता पिता. कान तापले माझे. मी सरांसमोरच कबूल केलं आणि बाईंची माफी मागितली. त्या नुसत्या हसल्या. नुकताच नवा गठ्ठा आला तेव्हा त्यांनी आधी २६ ऑगस्ट शोधलं होतं. पंचविसाच्या पाठीवर गडचिरोली जिल्हा दिसला आणि त्यांना वाटलं, चला, छापखान्यानं शेवटी आपलं ऐकलं.

सर खुर्चीतून उठले. स्वतःच्या भिंतीवरच्या ९५ च्या कॅलेंडरापाशी गेले, पान वर उचलून मागं वाकून वाचायचा प्रयत्न केला. जमेना. बाईंनी विचारलं, सर, तुम्ही कधी वाचता? सरांनी पान सोडून दिलं. मग म्हणाले, ‘माह्यं पान शिपाई फाडते. अन् फेकून देते.’ चाळीस वर्षं तारखा शिकवलेला माणूस, त्यानं मागची बाजू कधी बघितलीच नव्हती! मला हसू आलं. ते मी दाबलं, कारण ऑर्डर अजून त्यांच्याच हातात होती.

मी कागद ओढला. आता माझं डोकं पळायला लागलं होतं. १ मार्चपासून ३० डिसेंबरच्या सकाळपर्यंत नव्हे, अगदी ३१ च्या सकाळपर्यंत सगळं आपोआप बरोबर! २९ फेब्रुवारीच्या मागं १ मार्चचा मजकूर, तो वाचला जाणार १ मार्चला. चुकीची फक्त सुरुवातीची पानं, कारण जानेवारी-फेब्रुवारीत लीप वर्षाचा दणका अजून बसलाच नव्हता आणि मजकूर जुन्याच जागी होता. १ जानेवारी ते २८ फेब्रुवारी, एकोणसाठ पानं. तेवढीच नव्यानं छापायची, मजकूर एक घर सरकवून. गठ्ठे उसवायचीही गरज नाही. एकोणसाठ पानांची बारीक गड्डी करायची, भोक पाडायचं, आणि मोठ्या गठ्ठ्याची तेवढी पानं फाडून त्याच खिळ्याला वर अडकवायची.

‘किती दिवस?’ सर म्हणाले.

मी म्हटलं, दहा.

‘मले अठ्ठावीस तारखेले भामरागडच्या बसमध्ये गठ्ठे दिसले पाहिजे. नाई दिसले तर नागपूर.’

पण एक भोक उरलंच होतं. २८ फेब्रुवारीच्या पानामागं आता २९ फेब्रुवारीचा इतिहास हवा होता आणि माझ्या तीनशे पासष्टांत तो दिवसच नव्हता. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहराच बदलला. वर्गात उभं राहिल्यासारखे ते ताठ झाले आणि म्हणाले, १५०४, चंद्रग्रहण. एक युरोपातला दर्यावर्दी दूरच्या बेटावर अडकला होता. बेटावरच्या मूळ लोकांनी त्याला धान्य द्यायचं बंद केलं. त्याच्याकडे ग्रहणांचं पंचांग होतं. त्यानं सांगितलं, माझा देव रागावलाय, आज चंद्र विझवणार. संध्याकाळी चंद्र काळवंडला आणि घाबरलेल्या लोकांनी धान्य आणून ओतलं. २९ फेब्रुवारी!

गोष्ट फक्कड होती. मी लिहूनही घेतली. मग बाईंकडे लक्ष गेलं आणि वाटलं, हे त्यांच्या शाळेत वाचायचं? जंगलातल्या लोकांना बाहेरच्या माणसानं पंचांग दाखवून फसवलं, हे? मी म्हटलं, बाई, दुसरं काही शोधू.

‘नाई, हेच छापा,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त तो मोठा हुशार होता असं लिहू नका. त्यानं फसवलं, असं लिहा.’

सर म्हणाले, बरोबर हाये. मी हुशार खोडलं.

नंतरचे दहा दिवस काय सांगू! मागचा मजकूर फळीवर उभा होता, पण समोरच्या तारखांचे खिळे शांताबाईनं कधीच सोडून दिले होते. एकोणसाठ तारखा, वार, तिथ्या, सगळं पुन्हा जुळवायचं. मालकांना सांगितलं तेव्हा ते आधी तोंड उघडून बघत राहिले, मग स्वतः बाही सारून कागद कापायला बसले. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी शिकवलं होतं, हात अजून बसलेला होता. देवरावच्या पायाला गोळे आले तर मी ट्रेडल मारलं. शांताबाई खिळे उचलता उचलता मोठ्यानं आकडे म्हणायची आणि चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची. आधीच्या तीन वर्षांत त्या खात्यात एवढा दंगा कधी झाला नव्हता. आम्ही तिघंही भलतेच खुशीत होतो, हे मात्र खरं.

पहिली गड्डी तयार झाली तेव्हा मी ती दाराजवळ खिळ्याला टांगली. देवरावला म्हटलं, फाड. त्यानं १ जानेवारी फाडलं, उलटलं, वाचलं. मी समोरची तारीख बघून माझ्या वहीत खूण केली. अशी एकोणसाठ पानं. मालक मध्ये येऊन म्हणाले, चांगली गड्डी काऊन फाडून राह्यले? मी म्हटलं, भाऊ, हेच खरं प्रूफ. शेवटचं पान फाटलं, ग्रहण आलं, समोर काही उरलं नाही. एकही तारीख हुकली नव्हती. देवरावनं तिथंच एक फुगडीसारखी गिरकी घेतली आणि शांताबाई पदर तोंडाला लावून हसली.

अठ्ठावीसला सकाळी स्टँडवर गठ्ठे चढवले. सोबत चिठ्ठी, पान कसं फाडायचं आणि कधी वाचायचं याची. कोहळे सर खास ब्रह्मपुरीहून आले होते, बस हलेपर्यंत थांबले आणि मला एवढंच म्हणाले की पुढच्या साली मोर नको.

ऑर्डर राहिली. आणखी सात वर्षं राहिली, म्हणजे खिळेही राहिले. सरांनी एक अट मात्र घातली, प्रूफ आधी पुंगाटीबाई बघतील, मग ते. आता पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद, पर्लकोटा नदीला पूर आला की टपालही अडकतं. त्यामुळे पुढच्या वर्षाचं प्रूफ आम्हाला मेमध्येच तयार ठेवावं लागायचं. सगळ्या चंद्रपुरात आमचं कॅलेंडर सगळ्यांच्या आधी छापून व्हायचं आणि लोक म्हणायचे, बोनगिरवारांचं काम फार वक्तशीर.

आजही कुणी पत्रक, पत्रिका, काहीही दाखवायला आणलं की मी अक्षरं तपासण्याआधी विचारतो, हे कोण वाचणार आणि कुठं उभं राहून वाचणार? लोकांना वाटतं म्हातारा फाटे फोडतो. वाटू दे. तीन वर्षं मी बिनचूक छापलं आणि एकाही सकाळी ते त्या पोरांपर्यंत बरोबर पोचलं नाही. चौथ्या वर्षी चुकलो, तेव्हा पोचलं.